बाबांची १९९८ ची स्प्लेंडर, किका मारून पाय गेला पण चालू होईना

गुहागरकर_डोंबिवलीत (शुक्रवार, रात्री ९:१०)

मंडळी नमस्कार, अर्जंट आहे. गणपतीसाठी आज सकाळी गावी पोचलो, बुधवारी चतुर्थी, आणि बाजारहाटाला भरवसा सगळा बाबांच्या स्प्लेंडरवर होता. १९९८ ची आहे, टाकीवर अजून हिरो होंडा लिहिलेलं. मागच्या गणपतीत मी शेवटची चालवली, शिमग्याला यायला जमलं नाही, म्हणजे वर्षभर पडवीत उभीच आहे. वरनं ताडपत्री बांधून ठेवली होती त्यामुळे बाहेरनं पाणी लागलेलं नाही.

आतापर्यंत केलेलं असं की टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं (वास अगदी रंगाच्या दुकानासारखा), एक लिटर नवीन टाकलं, प्लग नवीन टाकला, चोक ओढून पन्नासेक किका मारल्या. एकदाही फुटफुट नाही. हॉर्न लाइट काहीच लागत नाही म्हणजे बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे चालू होत नसेल का? बाजारातला मेकॅनिक घरी येऊन बघून गेला, दोन किका मारल्या आणि म्हणाला दम नाही इंजिनात, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल, आणि तेही गणपतीनंतर. मागच्या वर्षी हीच गाडी मला आणि चुलतभावाला घेऊन घाटी चढली होती हो, उभ्या उभ्या रिंगा कशा जातील?

चोक_ओढा (शुक्रवार, रात्री ९:३५)

बॅटरीचं डोक्यातनं काढून टाक. या जुन्या स्प्लेंडरला एसी सीडीआय (स्पार्क पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आहे, स्पार्कसाठी लागणारी वीज मॅग्नेटमधली कॉइल स्वतः तयार करते. बॅटरी काढून घरात ठेवलीस तरी किकवर चालू व्हायला पाहिजे. बॅटरी फक्त हॉर्न आणि इंडिकेटरला.

दोन गोष्टी बघ आणि इथे सांग, मग पुढचं बोलू. एक, दहा किका मारून लगेच प्लग काढ, ओला आहे का कोरडा. दोन, प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड हेडच्या पत्र्याला नीट टेकव आणि अंधारात किक मार. निळा ठिणगा पडून चट् आवाज यायला पाहिजे. प्लग भोकापासनं लांब धर बाबा, आतनं पेट्रोलची वाफ येते.

सुसाट_१५० (शुक्रवार, रात्री ९:५०)

कशाला एवढं, कोकणात उताराला काय तोटा आहे का. सेकंडला टाका, क्लच धरा, उतारावर सोडा, वेग आला की क्लच सोडा. माझी अशीच चालू होते रोज

चोक_ओढा (शुक्रवार, रात्री ९:५४)

रोज होते म्हणजे तुझीपण बिघडलेलीच आहे 😄 आणि ती उतारावर चालू नाही झाली तर वर ढकलत आणणार कोण?

गुहागरकर_डोंबिवलीत (शुक्रवार, रात्री १०:४०)

हे वाचेपर्यंत चुलतभावाने ढकलून बघितलं होतं, नाही झाली, आणि हो, वर आणताना दोघांचा जीव गेला. प्लग एकदम कोरडा, नवीन होता तसाच. स्पार्क पडतो पण पिवळट आणि बारीक, आणि चार किकांत एखादाच. म्हणजे कॉइल गेली का सीडीआय? इथे काही मिळत नाही, चिपळूणला जावं लागेल.

जुनं_लोखंड (शुक्रवार, रात्री ११:२०)

एवढ्यात काही विकत आणू नका. तुमचे दोन रोग वेगवेगळे आहेत आणि ते एकदम आलेत म्हणून गोंधळ होतोय. प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल वर पोचत नाही, हा एक. स्पार्क पिवळा हा दुसरा. उभ्या गाडीचं हेच असतं, माणूस एक दुरुस्त करतो, किक मारतो, चालू होत नाही, त्याला वाटतं केलं ते फुकट गेलं, मग ते परत उलट करून ठेवतो आणि असा दोन दिवस फिरत राहतो. तेव्हा प्रत्येक गोष्ट स्वतंत्र तपासा, किक हे तपासायचं यंत्र नव्हे.

आधी पेट्रोल. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेनचा स्क्रू असतो, खाली बाटली धरून तो ढिला करा, कॉक चालू ठेवा. धार लागली पाहिजे आणि मिनिटभर टिकली पाहिजे. थोडी येऊन थांबली तर टाकीचं झाकण उघडून बघा, परत सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय (कुंभारीण माशी त्यात माती भरते, मी दोनदा बघितलंय, सायलेन्सरच्या तोंडातसुद्धा बघा). नुसती थेंब थेंब आली तर वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई चिकटलीय. वाटी उघडा. जुनं पेट्रोल उडून जाऊन खाली पिवळा चीक राहतो, त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि फार दिवस उभं राहिलं की ते पाणी तळाला बसतं. तुमची ताडपत्री पण यात आहे बरं का, कोकणात गच्च बांधलेल्या ताडपत्रीच्या आत घाम सुटतो, त्यापेक्षा उघडी ठेवलेली परवडली.

कार्बोरेटरमधला स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) बाहेर काढून उजेडाकडे धरा, भोकातनं उजेड दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर वायरमधली तांब्याची एक तार घ्या, सुई किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पुढे आयडलला कायमचा त्रास. मग सायकलच्या पंपाने हवा मारा. एअर फिल्टरचं झाकणही उघडून बघा, गावच्या गाडीत तिथे भाडेकरू असतात.

रिंगांचं म्हणाल तर वर्षभर उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरतं, त्यात तुम्ही पन्नास किका मारल्यात, तेव्हा दम कमीच लागणार. प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लग न लावता पाच-सहा किका हळू मारा, मग प्लग लावून बघा. किक जड झाली तर रिंगा सुक्या होत्या एवढंच. अजिबात फरक नाही पडला तर व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघायचं. इंजिन उघडायची गोष्ट त्याच्याही नंतर.

गुहागरकर_डोंबिवलीत (शनिवार, दुपारी १:१५)

लोखंडकाका दंडवत. सकाळपासनं बसलोय. ड्रेनमधनं थेंब थेंबच येत होतं. वाटी उघडली तर तळाला गुळाच्या पाकासारखा चीक आणि त्यात पांढरी पावडर. फ्लोटची सुई चिकटलेली, बोटाने ढकलल्यावर सुटली. स्लो जेटमधनं उजेड शून्य! तारेने साफ केला, पंप मारला, आता धार मस्त आहे. भाडेकरूही सापडले, एअर फिल्टरच्या डब्यात सुतळी, भाताची तुसं आणि काकूच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, उंदराने अख्खं घर केलं होतं, फिल्टरला भोक पडलंय. काकू म्हणते तरी म्हटलं ते फडकं गेलं कुठे.

ऑइल घातल्यावर किक एकदम जड झाली, म्हणजे रिंगा शाबूत. पण गाडी एकदा फुर्र करून बंद पडते, परत दहा किका काही नाही, मग परत एक फुर्र. प्लग आता ओला येतोय. स्पार्क तसाच, येतो जातो.

सीडी_शंभरवाला (शनिवार, दुपारी १:४०)

आमच्याकडे १९८९ ची सीडी १०० आहे, तेच ९७.२ सीसीचं इंजिन, त्यामुळे पार्ट कुठेही मिळतात, टेन्शन घेऊ नका. प्लग कॅप गोल फिरवून वायरीपासनं काढा, जाड वायरीचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापा आणि कॅप परत पिळून बसवा. आमचा स्पार्क तेवढ्यानेच सुधारला होता. आणि एक सांगा, आरसी रिन्यू आहे का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावी लागते, सणासुदीला नाक्यावर पोलीस असतात.

गुहागरकर_डोंबिवलीत (शनिवार, दुपारी ३:०५)

आरसी २०२३ ला केलीय, २०२८ पर्यंत आहे, इन्शुरन्स पीयूसी पण आहे, फक्त गाडी नाही 😅 वायर कापली, स्पार्क आला की आता निळा येतो, पण यायचा तेव्हाच येतो. हँडल सरळ असलं की जास्त येतो असं भावाचं म्हणणं, मला काही कळत नाही.

घाटमाथ्यावरचा (शनिवार, दुपारी ४:२०)

भावाला वडापाव दे माझ्याकडनं, त्याने पकडलंय. हँडल फिरवल्यावर स्पार्क बदलतो म्हणजे चावीच्या लॉकजवळ घोळ. या गाडीत चावी बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे, उलट आहे. बंद केल्यावर लॉक सीडीआयची एक वायर अर्थला जोडतं आणि स्पार्क मरतो. लॉकच्या आत ओल जाऊन हिरवं धरलं किंवा वायर घासून उघडी पडली की चावी चालू असूनसुद्धा गाडीला वाटतं बंदच आहे. लोक सीडीआय बदलतात, कॉइल बदलतात आणि रोग चावीत असतो.

काळी वायर, तिच्यावर पांढरी रेघ. लॉकमधनं येणाऱ्या वायरी माझ्या गाडीत हेडलाइटच्या डब्यात जोडलेल्या होत्या, काच काढून बघ. त्या एकाच वायरीचा जोड सोड, सीडीआयकडच्या टोकाला चिकटपट्टी लाव आणि किक मार. स्पार्क रेग्युलर झाला तर लॉकच गुन्हेगार. लक्षात ठेव, मग चावीने गाडी बंद होणार नाही. ब्रेक दाबून गिअरमध्ये क्लच सोड, बंद पडेल. आणि ही नुसती तपासणी आहे हां, तशीच वायर सोडून फिरू नकोस, कोणीही किक मारून घेऊन जाईल.

गुहागरकर_डोंबिवलीत (शनिवार, संध्याकाळी ६:५०)

झाली!!! काळीपांढरी सोडल्यावर तिसऱ्या किकला!! धूर एवढा आला की शेजारचे धावत आले, ते चमचाभर ऑइल जळत होतं, पाच मिनिटांत साफ झाला. जोरात दोन फेऱ्या मारल्या, मग वायर परत जोडली, लगेच मेली. म्हणजे लॉकच.

आता ऐका. आनंदात बाबांना फोन लावला, ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे या वेळी डोंबिवलीलाच आहेत. सगळं सांगितलं, कार्बोरेटर, उंदीर, सीडीआय, काळीपांढरी वायर. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, ती चावी जराशी डावीकडे दाबून धरायची असते, दोन वर्षं झाली. तुला सांगितलं नव्हतं का मी?" नव्हतं हो सांगितलं! मागच्या वर्षी बाबाच चालू करून द्यायचे, मी नुसता बसायचो. वायर जोडून, चावी डावीकडे दाबून किक मारली, पहिल्या किकला चालू.

जुनं_लोखंड (शनिवार, रात्री ८:१५)

वडलांना नमस्कार सांगा. पण दाबून किती दिवस चालवणार, खड्ड्यात चावी हलली की भर रस्त्यात बंद पडेल. चिपळूणला गेलात की लॉक आणि एअर फिल्टर दोन्ही आणा. तोवर फाटक्या फिल्टरवर लांब जाऊ नका, लाल माती थेट इंजिनात जाते आणि मग रिंगा खरंच जातील. इंजिन ऑइलही बदला, वर्षभराचं आहे. डोंबिवलीला परतताना पेट्रोल कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होईल. ताडपत्री काढून जुनी चादर टाका. काकूंना विचारून.

गुहागरकर_डोंबिवलीत (रविवार, सकाळी ८:०५)

चादर मिळणार नाही असं काकूने आत्ताच सांगितलंय. चिपळूणला निघालोय, एसटीने.

सुसाट_१५० (रविवार, सकाळी ११:३०)

काका माझी पण रोज ढकलूनच चालू होते, किकला होतच नाही, काय असेल?

चोक_ओढा (रविवार, सकाळी ११:३२)

नवीन धागा काढ. आणि आधी सांग, प्लग ओला का कोरडा?