पैशांच्या ओढाताणीत बँकेने कापलेले चार्जेस कसे परत मिळवलेत? (अनुभव धागा)

हातात पैसे नसतात नेमके तेव्हाच बँकेचे चार्जेस लागतात. ज्याच्या खात्यात लाखभर पडून आहेत, त्याला मिनिमम बॅलन्सचा दंड माहीतही नसतो. ज्याची नोकरी गेली किंवा ज्याच्या घरी आजारपण शिरलंय, त्याच्या खात्यातून मात्र महिन्यामागून महिना कापले जातात. आधी दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी, हप्ता परत गेला तर त्याचे वेगळे. आणि बहुतेक जण 'बँकेने कापले म्हणजे गेले' असं धरून गप्प बसतात. माझ्या ओळखीत असे पैसे परत मिळवलेली माणसं आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

कोणता चार्ज होता, कोणाला काय लिहिलंत, काय उत्तर आलं ते लिहा. पैसे मिळाले नसतील तरी लिहा, त्यातूनही दुसऱ्याला कळतं. फक्त बँकेचं नाव नको, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते.

पायवाट

कंपनी बंद पडली तेव्हा माझं सॅलरी खातं होतं, झिरो बॅलन्सवालं. काही महिने सलग पगार जमा झाला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करून टाकते आणि मिनिमम बॅलन्सची अट लागू होते. मला याचा पत्ताच नव्हता. भावाने मुलीच्या फीसाठी चार हजार पाठवले आणि खात्यात सव्वादोन हजार दिसले. स्टेटमेंट काढलं तर दर महिन्याच्या दोन ओळी, एक दंडाची आणि तिच्याखाली लगेच जीएसटीची. खातं रिकामं होतं तोवर बँकेने येणं मांडून ठेवलं होतं, पैसे आले तसे एकदम वळते केले.

काउंटरवर उत्तर ठरलेलं: "सिस्टीमने कापलंय, आमच्या हातात नाही." मग एका ओळखीच्या वकिलांनी रिझर्व्ह बँकेचा २० नोव्हेंबर २०१४ चा आदेश दाखवला, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेला. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला महिनाभर द्यायचा, आणि दंड लावायचाच तर जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात लावायचा. शिवाय निव्वळ या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये.

मी अर्जात रागाचं एक वाक्य लिहिलं नाही. कंपनीचं रिलीव्हिंग लेटर जोडलं, कापलेल्या प्रत्येक रकमेची तारीख लिहिली आणि खाली हे:

"शिल्लक कमी असल्याची सूचना मला मिळालेली नाही. बँकेने ती पाठवली असल्यास कोणत्या तारखेस व कोणत्या मोबाइल क्रमांकावर पाठवली, ते कृपया लेखी कळवावे."

या वाक्याने चक्रं फिरली. सूचना गेली होती, पण कंपनीने खातं उघडताना दिलेल्या ऑफिसच्या नंबरवर. माझा नंबर बँकेकडे होता, त्यावर ओटीपी येत होते. काही दिवसांत सगळे दंड परत जमा झाले, जीएसटीसकट. फी वेळेत भरली गेली, त्याचं समाधान पैशांपेक्षा मोठं होतं.

निवृत्त_लेजर

पायवाट यांनी अर्ज अगदी योग्य लिहिला. उभी हयात बँकेत गेली, म्हणून थोडं आतलं सांगतो.

'सिस्टीमने कापलं' हे खरं आहे, पण कापलेलं परत फिरवण्याला रिव्हर्सल म्हणतात आणि त्याचे अधिकार माणसांकडेच असतात. ठरावीक मर्यादेपर्यंत शाखाधिकारी करू शकतात, त्यावर क्षेत्रीय कार्यालय. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही, त्याला तो अधिकारच नसतो. अर्ज थेट शाखाधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच घ्या. पोच नसलेला अर्ज टेबलावरच राहतो, हे मी रोज पाहिलंय. अर्जात 'माफ करा' एवढंच म्हणू नका, कोणता नियम पाळला गेला नाही तेही लिहा. अडचणीचा पुरावा जोडा: दवाखान्याचं बिल, नोकरी गेल्याचं पत्र, जे असेल ते. अधिकाऱ्यालाही वरच्या ऑफिसला कारण द्यावं लागतं, ते कारण तुम्हीच त्याच्या हातात द्या.

आणखी एक. स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. कॅनरा, पंजाब नॅशनल अशा काही सरकारी बँकांनी २०२५ मध्ये केला. पण आधी कापलेले त्यामुळे आपोआप परत येत नाहीत, मागावेच लागतात.

रानजाई

आईच्या खात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे आले आणि जुन्या दंडापोटी त्यातले बरेचसे गेले. ती आठवडी बाजारासाठी काढायला गेली होती, हात हलवत परत आली. मी तिच्यासोबत जाऊन अर्ज दिला. सरकारी योजनेची रक्कम आहे म्हटल्यावर साहेबांनी सगळं नाही, पण बरंचसं परत केलं.

त्याहून महत्त्वाचं, तिचं खातं बेसिक बचत खात्यात बदलून घेतलं. त्यात मिनिमम बॅलन्सची अटच नसते, एटीएम कार्ड फुकट मिळतं, महिन्यातून किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात, भरण्यावर बंधन नाही. सगळ्याच बँकांना हे खातं द्यावं लागतं, पण आपणहून कोणी सांगत नाही. अट एकच, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे आजच करून घ्या, कळकळीने सांगतेय.

चाफेकळी

माझं वेगळं. ५ जूनच्या हप्त्यापुरते मोजून पैसे ठेवले होते. मेअखेरीस त्यातून विम्याचे ४३६ रुपये गेले आणि हप्ता बाउन्स. बँकेचा चार्ज, फायनान्स कंपनीचा चार्ज, वर सिबिलची धास्ती. हे ४३६ म्हणजे जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा प्रीमियम, आणि मी कधी फॉर्मच भरला नव्हता. बँकेला एवढंच विचारलं की माझ्या सहीच्या संमतीपत्राची प्रत द्या. प्रत निघालीच नाही. प्रीमियमही परत आला आणि बाउन्सचा बँकेचा चार्जही, कारण तो त्या कपातीमुळेच लागला होता. कंपनीने मात्र तिचा चार्ज सोडला नाही.

मध्यरात्र

बाउन्सच्या बाबतीत माझा अनुभव कडू आहे. पगार उशिरा होऊ लागला आणि हप्ता परत गेला. त्याच महिन्यात फायनान्स कंपनीने तो पुन्हा लावला, पुन्हा परत, पुन्हा चार्ज. बँक म्हणाली, हा आमच्या जाहीर दरपत्रकातला चार्ज आहे, परत मिळणार नाही. मिळालाही नाही. पण कर्जाचं स्टेटमेंट नीट पाहिलं तर दंडावरही व्याज चढवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या आदेशाप्रमाणे दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. तेवढं लिहून पाठवलं आणि व्याज निघालं. हप्त्याची तारीखही पगारानंतरची करून घेतली.

दीपमाळ

शाखेने आणि वरच्या ऑफिसने दोघांनी नकार दिला, म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी. नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माझी पोच, स्टेटमेंट आणि बँकेचं उत्तर अपलोड केलं. निकालापर्यंत जावंच लागलं नाही. लोकपालाकडून बँकेला विचारणा गेली आणि मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, रिव्हर्स केलंय, तक्रार मागे घ्या." मी जमा झाल्याची नोंद पासबुकात भरून घेतली, मगच हो म्हटलं.

सातमजली

वडिलांचं जुनं खातं दोन वर्षांहून जास्त काळ पडून होतं, त्यावरही दंड लावत होते. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्याला मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायलाही चार्ज घेता येत नाही. मेल केला, त्या तारखेनंतरचे सगळे परत आले.

रानजाई

निवृत्त_लेजर, मावशीचं खातं पतसंस्थेत आहे. तिलाही लोकपालाकडे जाता येईल का?

निवृत्त_लेजर

नाही. ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका लोकपालाच्या कक्षेत येतात, पतसंस्था येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत. आधी संस्थेच्या व्यवस्थापकांना अर्ज द्या, उत्तर आलं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. पोच दोन्हीकडे घ्यायची.