साइटेशनचा आकडा आणि लावरींचा निळा रंग
'साइटेशन (म्हणजे एखाद्या पेपरचा इतर संशोधकांनी आपल्या पेपरात दिलेला संदर्भ) जास्त म्हणजे काम मोठं' असं बरेचदा म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. बायोकेमिस्ट ऑलिव्हर लावरींचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा पेपर बघा. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने सर्वाधिक साइटेशनवाल्या पेपरांची यादी केली तेव्हा त्याची साइटेशन्स ३ लाखांच्या वर होती, सगळ्या विज्ञानात पहिला नंबर! खुद्द लावरीच म्हणायचे, हा काही माझा थोर पेपर नव्हे. एमएस्सीला आम्हीही टेस्ट ट्यूबांची रांग लावून या पद्धतीने प्रथिनं मोजलीत. फोलिन नावाचं पिवळं रसायन टाकायचं, लगेच हलवायचं (इथे आळस केला की रीडिंग गंडलंच), अर्धा तास थांबून निळा रंग मोजायचा. मूळ पेपर मात्र कुणीच वाचला नव्हता. संदर्भ सीनियरच्या थिसिसमधून जसाच्या तसा उचललेला.

आणि एच-इंडेक्सचं (किमान १० साइटेशन्स असलेले १० पेपर असले तर १०, असा संशोधकाचा आकडा) म्हणाल, तर त्यात हा ३ लाखवाला पेपर फक्त एकच धरला जातो. उलट कोलकात्याचे संशोधक शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचं विष दाखवून दिलं, तेही 'नेचर'मध्येच, तरी कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. त्या काळात त्यांचा प्रमोशनचा फॉर्म भरला असता तर साइटेशनच्या आकड्याच्या रकान्यात काय लिहिलं असतं?