मदत हवी आहे: नरकासुराच्या हाताची मोटर उलटी फिरवली की फ्यूज जातो

पेडण्याचा_पोर: नरक चतुर्दशीला सहा दिवस राहिलेत, म्हणून थोडक्यात लिहितो. पहाटे जाळायच्या पुतळ्याला दोन हात, दोन मोटरी, प्रत्येकीला दोन चेंजओव्हर रिले (मोटरची दिशा बदलायला). हात वर छान जातो. खाली आणायला उलटी फिरवली की फ्यूज तिथल्या तिथे जातो. चार संपले. वायरिंग तीनदा तपासलं, बरोबर आहे. लवकर सांगा.

लेथवाला: मोटर कसली? सप्लाय कुठून? फ्यूज कितीचा?

पेडण्याचा_पोर: वायपरची, आणखी कसली असणार? भंगारातून आणली. फ्यूज १५ चा.

म्हापसा_वाइंडिंग: घरच्या विजेवर चालणारा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावला असशील. सुरू होताना किंवा अडली की ही मोटर १५-२० अँपिअर सहज ओढते. त्याला जमणार नाही, गाडीची बॅटरी लाव.

पेडण्याचा_पोर: बॅटरीच आहे!

रात्रीचा_राजा: मग ३० चा फ्यूज घाल आणि मोकळा हो.

म्हापसा_वाइंडिंग: कृपा करून असले सल्ले देऊ नका. आत गवत नि कागद भरलेला आहे. फ्यूज टिकेल आणि वायर तापेल. नरकासुर पहाटेऐवजी रात्री अकरालाच पेटेल.

लेथवाला: बॅटरीची निगेटिव्ह कुठे जोडलीस?

पेडण्याचा_पोर: ट्रॉलीच्या अँगलला, गाडीत असते तशी. त्याचा काय संबंध?

लेथवाला: सगळी गोम तिथेच आहे. बऱ्याच वायपर मोटरींचा निगेटिव्ह ब्रश आतून बॉडीला जोडलेला असतो. सुलटी असताना बॉडी निगेटिव्ह, अँगलही निगेटिव्ह, म्हणून चालते. उलटी केली की बॉडीवर १२ व्होल्ट येतात आणि अँगलमधून थेट शॉर्ट. मोटर अँगलवरून उतरव, सगळ्या वायरी सोडव, मल्टिमीटर बीपवर (जोड असला की वाजतो) ठेवून एक टोक बॉडीला आणि दुसरं वायरीला लाव. कुठल्याही वायरीवर बीप आली तर बॉडी जोडलेली आहे. नेमकी कुठली वायर ते बीपवरून कळणार नाही, आर्मेचरचा (आतल्या फिरत्या गुंडाळीचा) रोध फार कमी असतो.

पेडण्याचा_पोर: बीप आली. दोन्ही मोटरींना. मग अँगलची निगेटिव्ह काढली की झालं?

लेथवाला: नाही. एक हात वर आणि दुसरा खाली जाताना एका बॉडीवर प्लस, दुसरीवर मायनस. दोन्ही त्याच अँगलवर, म्हणजे पुन्हा शॉर्ट. निगेटिव्ह काढच, शिवाय मोटरखाली रबर आणि बोल्टांना कॉलरवाले नायलॉन बुश घाल. शाफ्टही बॉडीशीच जोडलेला असतो, तेव्हा शाफ्टपासून हातापर्यंतची दांडी लोखंडी नको. बांबूची चालेल.

डिचोली_चित्ररथ: मुळात उलटी फिरवायचीच कशाला? गाडीत वायपर मागे-पुढे जातो तेव्हा मोटर एकाच दिशेने फिरत असते. शाफ्टवर ४ सेंटिमीटरचा क्रँक, हाताच्या सांध्यापासून ८ सेंटिमीटरवर पिन, मध्ये लांब दांडी. हात साधारण ६० अंश हलेल. रिले नको, बुश नकोत.

पेडण्याचा_पोर: हात वर नेऊन थांबवायचाय. मग ढोल वाजला की खाली.

डिचोली_चित्ररथ: स्विच बंद कर. आत वर्म गिअर असतो, हात सहसा आहे तिथेच राहतो.

लेथवाला: पण ऐन ढोलावर नेमका वरच थांबेल याची खात्री काय? शिगम्याच्या चित्ररथावर सतत हलणारा हात चालतो, इथे ताल सांभाळायचाय. रिव्हर्सच ठीक. फक्त वर-खालीच्या मध्ये अर्धा सेकंद बंद ठेव. फिरत्या मोटरला उलटा सप्लाय दिला तर करंट अडल्या मोटरपेक्षाही जास्त, जवळजवळ दुप्पट जातो.

रात्रीचा_राजा: डोळ्यांत लाल एलईडी घालणार का? बारा व्होल्टची पट्टी मस्त दिसते.

म्हापसा_वाइंडिंग: वायर किती लांब आणि किती जाड?

पेडण्याचा_पोर: १० मीटर. एक स्क्वेअर मिलिमीटरची.

म्हापसा_वाइंडिंग: जाऊन-येऊन २० मीटर. १० अँपिअरला साडेतीन व्होल्ट वायरीतच जातील, हात उचलताना रडेल. अडीचची घाल. आणि मोटरीजवळ सॉकेट ठेव, जाळण्याआधी दोन मिनिटांत काढता येतील.

पेडण्याचा_पोर: निगेटिव्ह सोडली, बुश घातले, डावा हात दोन्हीकडे चालला! उजवा वर जातो, लिमिट स्विच (टोकाला मोटर बंद करणारा) लागला की तिथेच अडकतो, खाली येतच नाही.

लेथवाला: स्विचच्या दोन टोकांवर डायोड लावलाय का? स्विच उघडा असतानाही खाली आणणारा करंट त्यातूनच जातो.

पेडण्याचा_पोर: डाव्याला आहे. उजव्याला... थांब, बघतो.