नुसत्या कॅलरेटिनिनवर जाऊ नका

तपासणीच्या नमुन्यात कॅलरेटिनिन हे प्रथिन पॉझिटिव्ह आलं म्हणजे मेसोथेलिओमाच (मेसोथेलियम या फुफ्फुसासारख्या अवयवांभोवतीच्या अस्तराचा कॅन्सर), असं म्हणतात; ते अर्धंच खरं. फुफ्फुसाच्या काही स्क्वेमस (चपट्या पेशींच्या) कॅन्सरमध्येही ते येतं, मेसोथेलियमसाठी बघितलं जाणारं दुसरं प्रथिन सीके ५/६ तर त्यात नेहमीचंच. म्हणून मेसोथेलियमचे किमान दोन मार्कर (पेशींचा प्रकार ओळखायला रंगवून बघायची प्रथिनं) आणि कार्सिनोमाचे (फुफ्फुसाच्या अशा इतर कॅन्सरचे) दोन असं पॅनेल, म्हणजे मार्करचा संच, लावतात: अ‍ॅडिनोकार्सिनोमाची (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) शंका असेल तर क्लॉडिन-४, टीटीएफ-१, स्क्वेमसची असेल तर पी४०.

बीएपी१ या प्रथिनाचा मुद्दाही इथे येतो. पेशी मेसोथेलियमच्या ठरल्या तरी त्या कॅन्सरच्या की नुसत्या सुजेमुळे वाढलेल्या, हे कॅलरेटिनिन सांगत नाही. केंद्रकातला बीएपी१ नाहीसा झाला असेल तर कॅन्सरकडे बोट जातं. मात्र शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये) तो दिसतोय ना, हे आधी बघायचं. नाहीतर स्टेनिंगच फसलेलं असायचं! आणि तो शाबूत आहे म्हणून कॅन्सर नाही असंही नव्हे, मेसोथेलिओमाच्या सार्कोमॅटॉइड (लांबट पेशींच्या) प्रकारात तो बहुधा शाबूतच असतो.