मदत हवी आहे: बेटावरचा स्वस्त बंगला, आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे

वणीकर_पऱ्हाटीवाला
लवकर सांगा, मालक संध्याकाळपर्यंतच थांबतो म्हणतो. समुद्राला लागून बांबूचा बंगला, दोन हजारांच्या आत, नाश्त्यासकट. पूर्ण पैसे आगाऊ मागतो. फोटो झकास आहेत. विमान दुपारी दोनला उतरते, त्याच दिवशी बंगल्यावर पोचलो पाह्यजे. पैसे टाकू का नको?

काळी_माती
कोणतं बेट? कोणता महिना? माणसं किती?

वणीकर_पऱ्हाटीवाला
अंदमान, दुसरं कोणतं! हॅवलॉक. कापूस वेचून झाला की जानेवारीत. पैशाचं सांगा.

पुलगावचा_फिरस्ता
पैशाचं नंतर. हॅवलॉकला विमान जात नाही. उतरायचं पोर्ट ब्लेअरला, तिथून फेरीबोट. खाजगी बोट साधारण दीड तास घेते, सरकारी अडीच. रात्री बोटी चालत नाहीत. दोनला उतरून सामान घेऊन धक्क्यावर पोचेपर्यंत दिवसाची शेवटची बोट सुटलेली असते. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. आणि तिकीट काढताना गोंधळू नका, हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. दोन्ही नावं चालू आहेत.

काळी_माती
एवढा खर्च काऊन करता? हर्णैला जा. समुद्रच पाहायचा आहे ना? आम्ही सहकुटुंब जातो, मासळी ताजी, घरगुती खोल्या.

संत्रावाली_वरुड
दादा, त्यांनी हर्णै विचारलंच नाही. वणीकर भाऊ, सोबत कोण कोण आहे ते सांगा.

वणीकर_पऱ्हाटीवाला
बायको, पोरगा, आई. आईचे गुडघे दुखतात, तेवढंच.

संत्रावाली_वरुड
तेवढंच कसं! सगळं त्यावरच आहे. आम्ही अशाच हटमध्ये राहिलो. खोली खांबांवर, चढायला अरुंद लाकडी पायऱ्या, धरायला काहीच नाही. भिंती तट्ट्यांच्या, शेजारचा खोकला ऐकू येतो. न्हाणी मागच्या बाजूला, पाणी थोडं खारं, साबणाला फेस येत नाही. आम्हाला फार आवडलं, पण माझ्या सासूबाई तिथे एक रात्र राहू शकल्या नसत्या. मालकाला व्हिडिओ कॉलवर पायऱ्या आणि संडास दाखवायला लावा. कमोड आहे का ते डोळ्यांनी पाहा. बहुतेक ठिकाणी दोन-चार पक्क्या खोल्याही असतात, जमिनीलगतच्या. त्या मागा.

जहाजवाला_आर्णी
विमान कशाला? चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाजाने जा. खरा प्रवास तो. झोपायला बंक मिळतो, जेवण मिळतं.

पुलगावचा_फिरस्ता
तीन-चार दिवस समुद्रात, गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन? आणि विमानाचं तिकीट निघालेलं दिसतं.

वणीकर_पऱ्हाटीवाला
निघालं. चेन्नईहून आहे. नागपूरला जाऊन गाडी धरतो.

बल्लारशाहकर
वणीहून नागपूर म्हणजे उलटा फेरा. बल्लारशाहला जीटी, म्हणजे चेन्नईची ग्रँड ट्रंक एक्सप्रेस थांबते, तिथूनच बसा. आईचे हाल वाचतील.

जहाजवाला_आर्णी
जहाजावरून उडते मासे दिसतात, ते विमानातून दिसत नाहीत. एवढंच म्हणतो. वणीत कापसाला काय भाव चालू आहे?

पुलगावचा_फिरस्ता
बंगला कोणत्या बीचवर आहे? तिथे बीचला नंबर आहेत.

वणीकर_पऱ्हाटीवाला
पाच नंबर. पोराले पोहायचं आहे.

पुलगावचा_फिरस्ता
पाच नंबरला ओहोटी लागली की पाणी लांब जातं, खडक आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. पोहणं भरतीच्या वेळीच. पोहायला राधानगर, म्हणजे सात नंबर, बेटाच्या पश्चिम अंगाला. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या सूचना लावलेल्या असतात. जीवरक्षक असेल तिथेच उतरू द्या. आणि जानेवारीत सव्वापाचच्या आसपास सूर्य बुडतो, चारला निघून उपयोग नाही.

अमरावतीची_शिक्षिका
पोरगा स्कुबा करणार असेल तर परतीच्या विमानाआधी चोवीस तास मोकळे ठेवा. शिंपले-प्रवाळ पिशवीत भरू देऊ नका, विमानतळावर काढून घेतात. आणि पहिल्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला आहातच तर सेल्युलर जेल नक्की पाहा. १९०६ साली पूर्ण झालं, सात विंगांपैकी तीनच उरल्या आहेत. बाबाराव आणि तात्याराव सावरकर दोघं भाऊ तिथेच कैदेत होते. गच्चीचे जिने आईला नकोत, अंगणात बसवा. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम बसूनच पाहायचा असतो.

काळी_माती
शाकाहारी असाल तर जेवणाचंही विचारून घ्या. तिथे वस्ती बरीचशी बंगाली निर्वासितांची, ताटात मासा आधी येतो.

वणीकर_पऱ्हाटीवाला
मालकाशी बोललो. व्हिडिओवर पायऱ्या पाहिल्या, आईले जमणार नाही. मागे पक्की खोली आहे, कमोड आहे, तीनशे जास्त. वरण-भात करून देतो म्हणे. अर्धे आत्ता, अर्धे पोचल्यावर, यावर तयार झाला. पोर्ट ब्लेअरला पहिली रात्र पाहतो. आता बोट सरकारी का खाजगी, एवढंच सांगा.

पुलगावचा_फिरस्ता
सरकारी स्वस्त, पण तिकीट हातात पडेपर्यंत भरवसा नाही. आई आहे, खाजगी काढा, सकाळची. परतताना विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला या, हवा बिघडली तर बोट रद्द होते. चौघांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा.

संत्रावाली_वरुड
आणि आईला बोट लागत असेल तर उलटीची गोळी चढायच्या अर्धा तास आधी द्या, डॉक्टरला विचारून. खाली, मधल्या रांगेत बसवा.