मदत हवी आहे : नॉर्दर्न प्रीमियर लीगचा रद्द झालेला २०१९-२० चा हंगाम कसा नोंदवावा?

नमस्कार.

इंग्लंडमधील नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या २०१९-२० च्या हंगामावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि गुणतालिकेच्या मांडणीपाशी येऊन ते अडले आहे. खेळांच्या आकडेवारीची नोंद ठेवणारे, इंग्लंडमध्ये वास्तव्यास असलेले किंवा तेथील खालच्या स्तरावरचे फुटबॉल नियमाने पाहणारे जे सदस्य येथे असतील, त्यांच्या मार्गदर्शनाची मला गरज आहे.

ज्यांचा परिचय केवळ प्रीमियर लीगशी आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग मिळून ९२ क्लब होतात. त्यांच्याखाली ‘नॉन-लीग’ म्हणून ओळखली जाणारी पायऱ्यांची मोठी रचना आहे. तिची पहिली पायरी नॅशनल लीग, दुसरी तिचे उत्तर व दक्षिण विभाग, आणि तिसऱ्या पायरीवर नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न व इस्थमियन या तीन प्रादेशिक लीगांचे वरचे विभाग येतात. नॉर्दर्न प्रीमियर लीग १९६८ मध्ये सुरू झाली. उरलेल्या दोन तिच्याहून पुष्कळ जुन्या आहेत. येथील बहुतेक खेळाडू दिवसा नोकरीधंदा करतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी किंवा मंगळवारी रात्री सामना खेळून आठवड्याचे ठरलेले मानधन घेतात. क्लबचा संसार तिकिटांचे पैसे, क्लबहाऊसमधील बारची विक्री, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर चालतो. प्रेक्षकांवाचून सामने खेळवणे या स्तरावर का परवडले नसते, हे त्यावरून लक्षात यावे.

मार्च २०२० च्या मध्यास करोनामुळे खेळ थांबला तेव्हा नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या वरच्या विभागात साउथ शील्ड्स हा टाइन नदीच्या मुखाशी असलेल्या गावाचा क्लब १२ गुणांच्या आघाडीने पहिल्या स्थानावर होता आणि त्याचे ४२ पैकी ९ सामने शिल्लक होते. दुसऱ्या स्थानावर एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर होता, म्हणजे ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्याच्या निषेधार्थ २००५ मध्ये चाहत्यांनीच काढलेला क्लब. (त्या क्लबवर मराठीत स्वतंत्रपणे लिहिले जायला हवे, परंतु तो येथील विषय नाही.) २६ मार्च रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने तिसऱ्या पायरीपासून खालच्या सर्व लीगांचा हंगाम तेथेच संपवून त्यांतील सर्व निकाल नोंदीतून काढून टाकण्याचा, बढती किंवा पदावनती कोणालाही न देण्याचा निर्णय जाहीर केला आणि एप्रिलमध्ये असोसिएशनच्या कौन्सिलने त्यावर शिक्कामोर्तब केले. साठहून अधिक क्लबांनी फेरविचाराची मागणी करणाऱ्या खुल्या पत्रावर सह्या केल्या आणि साउथ शील्ड्सने या निर्णयाला आव्हानही दिले, परंतु निर्णय बदलला नाही.

अधिकृत भूमिका शब्दशः पाळली तर लेखातील तक्ता रिकामा ठेवावा लागेल. ‘निकाल अस्तित्वात नाहीत’ असे नियामक संस्थाच म्हणते तर आपण ते का छापावेत, असा युक्तिवाद एका मित्राने केला आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. तो मला पटत नाही. त्याची जी कारणे मी देत आहे, ती विश्वकोशीय लेखात टिकतील का, हे मला जाणकारांकडून तपासून घ्यायचे आहे.

पहिले कारण असे की, हे निकाल पुढे प्रत्यक्षात वापरले गेले. २०२०-२१ चा हंगामही अर्धवट सोडून द्यावा लागल्यानंतर असोसिएशनने २०२१ च्या उन्हाळ्यात खालच्या पायऱ्यांची फेररचना केली, चौथ्या पायरीवरील विभाग ७ वरून ८ आणि पाचव्या पायरीवरील १४ वरून १६ केले, आणि त्यामुळे निर्माण झालेल्या जागा भरताना दोन्ही अपूर्ण हंगामांतील प्रति सामना सरासरी गुणांचा आधार घेतला. जर्सी बुल्स हा चॅनेल बेटांवरील क्लब याचे ठळक उदाहरण आहे. आपल्या पहिल्याच हंगामात, म्हणजे याच २०१९-२० मध्ये, त्याने कम्बाइन्ड काउंटीज लीगच्या खालच्या विभागातील आपले सर्वच्या सर्व २७ सामने जिंकून बढती निश्चित केली होती. ती काढून घेतली गेली आणि २०२१ मध्ये जी मिळाली ती त्याच पुसलेल्या निकालांच्या हिशेबाने. साउथ शील्ड्सला मात्र या फेररचनेचा काहीच लाभ झाला नाही, कारण तिसऱ्या पायरीवरून वर जाण्याचा मार्ग तिच्यात नव्हता. अखेर २०२२-२३ मध्ये केविन फिलिप्स व्यवस्थापक असताना त्यांनी ही लीग जिंकली आणि नॅशनल लीग नॉर्थमध्ये प्रवेश मिळवला. मधल्या तीन वर्षांचा अर्थ वाचकाला लागायचा असेल, तर १२ गुणांची ती आघाडी लेखात दिसलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

दुसरे कारण चषकांचे आहे. लीगचे निकाल पुसले गेले तरी त्याच हंगामातील एफए ट्रॉफी आणि एफए व्हाज या नॉन-लीग क्लबांसाठीच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा (एफए म्हणजे फुटबॉल असोसिएशन) रद्द झाल्या नाहीत. त्यांचे अंतिम सामने तब्बल एक वर्षाहून अधिक काळ लांबून ३ मे २०२१ रोजी वेम्बली येथे प्रेक्षकांविना झाले. व्हाजच्या सामन्यात हेबर्न टाउनने कॉन्सेटचा ३-२ असा पराभव केला. हे दोन्ही क्लब तेव्हा १८८९ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्दर्न लीगमध्ये होते (ही नॉर्दर्न प्रीमियर लीगहून वेगळी, तिच्याखालच्या पायऱ्यांवरची लीग). म्हणजे त्या हंगामातील त्यांचे लीगचे सामने अधिकृतरीत्या झालेलेच नाहीत, परंतु त्याच हंगामातील त्यांचा अंतिम सामना मात्र पूर्णपणे ग्राह्य आहे! हेबर्न टाउन पुढे त्याच फेररचनेत नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या पूर्व विभागात आला. हा प्रसंग मुख्य मजकुरात घ्यावा की तळटिपेत, हेही मला ठरवता आलेले नाही, कारण हा अंतिम सामना माझ्या लेखाच्या लीगमधला नाही; पण त्याच्याइतका बोलका दाखला दुसरा सापडत नाही.

तिसरा मुद्दा तुलनेचा आहे आणि येथे मला सर्वाधिक साहाय्य हवे आहे. केवळ एक पायरी वर, नॅशनल लीग नॉर्थमध्ये, हाच प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सोडवला गेला. तेथे यॉर्क सिटी ३४ सामन्यांत ६६ गुणांसह पहिला होता आणि किंग्ज लिन टाउन ३२ सामन्यांत ६४ गुणांसह दुसरा; प्रति सामना सरासरी काढल्यावर किंग्ज लिनचे २.०० आणि यॉर्कचे १.९४ गुण झाले व विजेतेपद किंग्ज लिनला मिळाले. यॉर्कच्या चाहत्यांना ते रुचले नसणार, पण निदान एक निकष लावला गेला. भारतात तर त्या वर्षीच्या आय-लीगमध्ये चार फेऱ्या शिल्लक असताना मोहन बागानने मार्चमध्येच विजेतेपद निश्चित केले होते आणि उरलेले सामने रद्द करताना महासंघाने ते कायम ठेवले. साउथ शील्ड्सचे विजेतेपद गणिताने निश्चित झाले नव्हते, त्यामुळे ही तुलना त्यांच्याशी नव्हे, तर जर्सी बुल्सशी अधिक जुळते, हे मला मान्य आहे. मराठी वाचकाला ओळखीचा संदर्भ मिळावा म्हणून मोहन बागानचा उल्लेख ठेवण्याचा मोह होतो, परंतु इंग्लंडच्या प्रादेशिक लीगवरील लेखात तो उपरा वाटेल का?

आता नेमके विचारायचे ते असे. खेळ थांबला त्या दिवशीची स्थिती दाखवणारा पूर्ण तक्ता २२ संघांसह द्यावा आणि त्याच्या शीर्षकातच ‘हंगाम रद्द होण्याच्या वेळची स्थिती’ असे लिहावे, असा माझा विचार आहे. त्यात क्रमांकाचा रकाना ठेवावा की संघ केवळ गुणांच्या उतरत्या क्रमाने मांडावेत? बढतीच्या जागा दाखवणारा हिरवा रंग अर्थातच देणार नाही. खेळाडूंचे गोल आणि सामन्यांची संख्या हा याहून अवघड भाग आहे. एखाद्या खेळाडूच्या कारकिर्दीच्या तक्त्यात २०१९-२० चे लीगमधील गोल धरावेत की वगळावेत? क्लबच्या दृष्टीने पाहिले तर तो खेळाडू मैदानावर उतरला होता, चेंडू जाळ्यात गेला होता आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी तो पाहिला होता. गोव्यातील लीगची किंवा मुंबईतील क्लब क्रिकेटची धावफलके सांभाळलेल्या सदस्यांनी अर्धवट राहिलेल्या स्पर्धांची वैयक्तिक आकडेवारी कशी ठेवली जाते ते सांगितले, तर ती पद्धत येथे वापरता येईल का याचा विचार करता येईल.

यासोबत आणखी एक विनंती आहे. ईशान्य इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणा सदस्याकडे त्या हंगामातील सामन्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिका असतील, तर त्यांतील तक्त्यांची छायाचित्रे मला तारखांची पडताळणी करण्यास उपयोगी पडतील. तक्त्याचा कच्चा आराखडा तयार आहे. तो तपासून देण्याची कोणाची तयारी असल्यास येथे लिहावे, म्हणजे मी तो पुढील प्रतिसादात जोडतो.

आगाऊ धन्यवाद.