अनुभव धागा : ‘श्यामची आई’ तुम्ही कशी वाचलीत?

आमच्या घरी ‘श्यामची आई’ची एकच प्रत होती, खाकी कव्हर घातलेली. आधी दादाने वाचली, दोन वर्षांनी मी. त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, अशा 42 रात्री. मी जवळजवळ प्रत्येक रात्री रडले. दादाने मात्र पोहण्याच्या रात्रीपाशी पुस्तक मिटलं ते मिटलंच. विहिरीवर जायला नको म्हणून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि पोहायला पाठवते. मला वाटलं, किती खंबीर आई! दादा म्हणाला, “घाबरलेल्या पोराला मारते, ती कसली आई?” तेव्हा भांडलो. गेल्या महिन्यात, दोघांनी पन्नाशी ओलांडल्यावर, पुन्हा भांडलो. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं; आम्हा भावंडांना ते चाळीस वर्षं पुरलंय.

म्हणून विचारते. हे किंवा दुसरं एखादं पुस्तक तुम्ही वाचलंत एक आणि घरातल्या माणसाने वाचलं भलतंच, असं झालंय का? बरोबर कोण ते इथे ठरवायचं नाही. कुठली जागा अडली आणि तेव्हा तुम्ही कोण होतात, तेवढं लिहा.

दापोलीची, आता मुलुंडला

श्यामचं गाव पालगड, ते आमच्यापासून जवळ. त्यामुळे मी त्यात आई शोधलीच नाही, मी गाव शोधलं. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, ते वाचताना माझ्या बोटांना पानं टाचायची चोय टोचते. इथल्या मैत्रिणीला ती शिस्तीची गोष्ट वाटते. मला पानांचा वास येतो. उपदेशाची पानं मी सरळ उलटते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

बीड जिल्हा, शिक्षक

सातवीत गुरुजींनी वर्गात मोळीची गोष्ट वाचून दाखवली. म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडलेली आहे, कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. वर्ग गहिवरला. मी आंघोळीपाशीच थांबलो. आमच्या घरात मोळ्या विकून पोट भरलेली बाई होती, माझी आजी. सगळे आईच्या बाजूने ऐकत होते, मी मोळीखालून ऐकत होतो.

घरी जाऊन आजीला गोष्ट सांगितली. मला वाटलं चिडेल. तिने विचारलं, “पाणी दिलं का रं तिला कुणी?” आंघोळीचं तिला काहीच नवल नव्हतं. तिला त्या बाईची तहान दिसली. असा प्रश्न वर्गात कुणालाच सुचला नव्हता, मलाही नाही.

पुढे कळलं, याच साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. मग पुन्हा वाचलं. आता त्या आईचं आपल्या काळात एक पाऊल पुढे टाकणंही दिसतं, आणि आंघोळही दिसते. एकाने दुसरं पुसलं जात नाही. हल्ली मीच तो धडा वर्गात वाचतो आणि शेवटी आजीचा प्रश्न विचारतो.

नाशिक

मला नाही आवडलं. सातव्या रात्रीच्या पुढे गेलो नाही. सारखं रडू येणारं पुस्तक मला नको असतं. बायकोच्या मते मी कोरडा आहे. तसं नाही, मला शिकाऱ्यांच्या, जंगलाच्या गोष्टींत भरून येतं.

सोलापूर

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली, आत्याने वाढवलं. त्यामुळे मी या पुस्तकात वडील वाचले. भाजीत मीठ नाही, पण ते एक अक्षर न बोलता जेवतात. आईला ती स्वतः जेवायला बसल्यावर कळतं. माझे वडील असेच होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते याच अळणी भाजीला. मुलगी म्हणाली, “एवढं मनाला लागणार होतं तिला, तर सांगायचं ना आधी! मीठ घालून घेतलं असतं की.” त्या दिवसापासून मी गप्प राहून जेवणाऱ्या माणसाकडे जरा निरखून बघते.

जळगाव

थोडं विषयांतर. 1963 सालची भालचंद्र नेमाडेंची कादंबरी ‘कोसला’. कॉलेजात आम्ही पोरं त्यातलं ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ म्हणत हसत फिरायचो. खानदेशातून पुण्यात शिकायला गेलेला पोरगा म्हणजे आम्हीच. लग्नानंतर बायकोला दिली. नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तिथे बायकोने पुस्तक ठेवलं, आठवडाभर उचललं नाही. तिची धाकटी बहीण गेलेली आहे, हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते पुस्तक गमतीचं म्हणून तिच्या हातात दिलं. ती पानं मी आधी किती भरभर वाचली होती, ते तेव्हा समजलं.

पुणे, जन्मापासून दृष्टिहीन

मी ‘श्यामची आई’ आधी ऐकली, मग ब्रेलमध्ये वाचली. ऐकताना वाचणारीचा गळा दाटून आला, की माझ्यासाठी तिनेच रडून घेतलेलं असायचं. ब्रेलमध्ये बोटाखाली फक्त ठिपके. आवाज माझा, थांबायचं कुठे तेही माझं. बोलक्या पुस्तकात भाबडी वाटलेली आई ब्रेलमध्ये कडक निघाली. माझ्या डोळस मित्रांनी तिला नेहमी प्रेमळच म्हटलंय.

धागा काढणारी

सगळं दादाला फोनवर वाचून दाखवलं. ब्रेलचा अनुभव त्याने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, प्रत पाठव. काल रात्री त्याने पोहण्याची रात्र पुढे वाचली, चाळीस वर्षांनी. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, म्हणून ती आई मारते, हे त्याने तेव्हा वाचलंच नव्हतं. मत बदललं का, म्हणून विचारलं. “नाही,” म्हणाला. “पण घरात मला भित्रा कोण म्हणायचं, आठवतंय तुला?”

मीच म्हणायचे.